नायकाची गादी कुठं टाकायची

लालसिंग नायकाचा आवाज म्हणजे बाप्पा, विचारूच नका. मारेगावच्या अंगाला त्याचा बंजाऱ्यांचा तांडा, आणि नायक म्हणजे तांड्याचा मुख्य. सकाळी तो दारात उभा राहून आपल्या गड्याला हाक मारायचा, तर नाल्यापलीकडच्या वावरातला भलत्याचाच गडी "आलो जी!" म्हणून ओ द्यायचा. नायक एखाद्याच्या कानात गुपित सांगायला वाकला, की ते गुपित आधी मारेगावच्या बाजारात पोचायचं आणि मग त्या माणसाच्या कानात, असं लोक म्हणायचे. मनानं माणूस लाखातला. पण हळू बोलणं त्याला जमत नव्हतं, आणि खरं सांगू का, त्याची गरजही त्याला कधी पडली नव्हती. नायक बोलला की बाकीचे गप्प बसायचे.

असा माणूस ज्याचा होणारा सासरा, त्या पोरानं धंदा कोणता धरावा? लाउडस्पीकरचा! घ्या!

हा पोरगा म्हणजे हिरासिंग. केळापूरजवळच्या तांड्यातल्या खेमसिंग राठोडचा थोरला. लालसिंग नायकाच्या गंगीशी त्याची सोयरीक ठरली होती, दोन्ही तांड्यांनी मिळून गोळ खाल्ला होता, म्हणजे बोलणं पक्कं झालं होतं. तोवर हिरासिंग शेतीच करत होता. मग एका हिवाळ्यात बाप-लेक कापसाची गाडी घेऊन पांढरकवड्याच्या बाजारात गेले. तिथं चौकात कडुलिंबाला एक भोंगा टांगलेला, आणि त्यातून एक बाई गात होती. बाई कुठंच दिसत नव्हती. हिरासिंग गाडीवरून उतरला, लिंबाखाली गेला आणि वर तोंड करून उभा राहिला, तो राहिलाच. इकडे कापसाचा लिलाव झाला, गाडी रिकामी झाली, खेमसिंगनं दोनदा चहा प्याला, तरी पोरगा लिंबाखालीच. शेवटी बापानं दंडाला धरून ओढला, तेव्हा तो म्हणाला, "बा, मले हे शिकाचं हाय." आता त्यांचं घरातलं बोलणं सगळं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, पण ते साऱ्यांना समजायचं नाही, म्हणून मी आपलं वऱ्हाडीत सांगून राह्यलो.

त्या चौकातच बाबुलालचं दुकान होतं. दुकान कसलं, एक अंधारी खोली. तीत मशिनी, भोंगे, गाण्याच्या तव्यांच्या, म्हणजे रेकॉर्डींच्या, थप्प्या आणि मोटारीच्या जुन्या बॅटऱ्या. लग्न, भजन, सभा, कुठंही भोंगा लावायचा तर बाबुलालला बोलावणं जायचं. हिरासिंग त्याच्याकडे राहिला. डोक्यावर बॅटरी घेऊन पाणंदीतून चालला, भोंगा कमरेला बांधून झाडांवर चढला, तारांचे जोड उघडे ठेवल्यामुळे एकदा असा झटका खाल्ला की दिवसभर हात खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. माईक भोंग्याच्या तोंडासमोर ठेवला की मशीन कशी किंचाळते, हेही तो शिकला. अर्थात एका गावातली सगळी कुत्री जमा करून शिकला. बाबुलाल तोंडात पान ठेवून हसायचा आणि म्हणायचा, "अरे हिरा, बटन दाबनं कोनालेही येते. आपली विद्या वेगळी हाय. माईक एक अन् मानसं पन्नास. ज्याचा आवाज मोठा त्याले मागं बसव, ज्याचा बारीक त्याले समोर आन. माईक नको हालवू, मानूस हालव."

हिरासिंगला ते खरं समजलं एका खंजिरी भजनात. गाणाऱ्या बुवाचा आवाज लोकांना ऐकूच येत नव्हता, नुसती खंजिरी वाजत होती. हिरासिंगनं हात जोडून खंजिरीवाल्याला उठवलं, टाळकऱ्यांच्या मागं नेऊन बसवलं, बुवाला थोडं पुढं घेतलं, आणि काय सांगू! ते भजन एकदम उलगडलं. शब्द वेगळा, ताल वेगळा, पेटी वेगळी. मागं झोपाळलेल्या म्हाताऱ्या उठून बसल्या. त्या दिवसापासून हिरासिंगला दुसरं काही सुचेना. हेच आपलं काम, यातच आपला जन्म जायचा, असं त्याच्या मनानं घेतलं.

पण लालसिंग नायकाच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा नायक भडकला. त्यानं खेमसिंगला निरोप धाडला, "मी पोरगी शेतकऱ्याले देल्ली, भोंगेवाल्याले नाही. तरी मानूस पाह्यल्याबिगर मी बोलत नाही. आमच्या मानीच्या लग्नात आनू दे त्याले त्याचा भोंगा. तांड्याची शान वाढली तं खुशाल करो तो धंदा. हसाई झाली तं भोंगा सोडाचा अन् मिरगाले पेरनीची तिफन धराची. मंगच गंगीचं लगीन."

मानी म्हणजे नायकाच्या मेलेल्या भावाची मुलगी. बाप गेला तेव्हा ती रांगत होती. नायकानंच तिला वाढवली. तिचं लग्न म्हणजे नायकाच्या घरचं पहिलं लग्न. तिथं हिरासिंगला उतरायचं होतं, तेही पहिल्यांदाच एकट्यानं, कारण बाबुलालनं पान थुंकून सांगितलं होतं, "तुह्या सासऱ्याच्या घरी मी कायले येऊ? तूच जा. मशीन सांभाळ, अन् तोंड उघडाले लाजू नको."

तोंड उघडायला! हिरासिंगला हसू की रडू झालं. अहो, त्या तांड्याची रीतच अशी, की गोळ खाल्लेल्या पोरानं लग्नाआधी सासऱ्यासमोर अवाक्षर बोलायचं नाही. मान खाली, डोक्याला फेटा, आणि विचारलं तरच हूं किंवा ऊंहूं. पन्नास माणसं हालवायला तो तयार होता. एकावन्नावा माणूस सासरा असला तर त्याला कसा हालवायचा, हे बाबुलालनं शिकवलं नव्हतं.

चैत सरता सरता खेमसिंगच्या गाडीतून भोंगा तांड्यात शिरला. बायकांनी गाडी वेढली. एकीनं विचारलं, "जावई कोनता वो यातला? हा का तो?" आणि बोट भोंग्याकडं. दुसरी म्हणाली, "तोच बरा बाई, बोलते तरी!" मग काय, त्यांनी तिथल्या तिथं गाणं जोडलं, की गंगीला एक नवरा मिळाला मुका आणि दुसरा पत्र्याचा. हिरासिंगचे कान लाल झाले. तो न बोलता झाडावर चढला, भोंगा बांधला, खाली येऊन तारा जोडल्या आणि मशीन चालू केली. आता त्या वेळच्या मशिनी बटन दाबलं की लगेच बोलत नसत. आतले काचेचे दिवे लाल व्हायचे, तापायचे, मग आवाज यायचा. शेजारी धावजी बसला होता. धावजी नगारा वाजवायचा, त्याच्या बापानं वाजवला, आज्यानं वाजवला. भोंगा आल्यापासून त्याचं तोंड कारल्याचा रस प्याल्यावानी झालं होतं. मशीन तापायची वाट पाहणाऱ्या हिरासिंगला तो म्हणाला, "काहून रे, अंडे उबवून राह्यला का? माह्या नगाऱ्याले टिपरू लावलं का वाजते, पाय!"

तेवढ्यात खिंड उतरून नाल्याकडून वऱ्हाड आलं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजल्या, पोरं धावली, आणि लालसिंग नायक स्वागताला उठला. अंगात कोरा सदरा, डोक्यावर लाल पागोटं. त्याची गादी अगदी माईकच्या पुढ्यात टाकलेली होती, कारण नायकाची जागा समोर नसणार तर कोणाची असणार? त्यानं माईक बोकडाची मान धरावी तसा धरला, थेट मिशांना टेकवला, छाती भरून श्वास घेतला. हिरासिंगच्या लक्षात आलं काय होणार ते. दोन पावलं मागं सरा, एवढंच म्हणायचं होतं. जीभ हललीसुद्धा. पण समोर सासरा! तोंड उघडलंच नाही. ही चूक बाबुलालनं केली नसती, धावजीनं केली नसती. ती फक्त होणाऱ्या जावयालाच जमते.

"राऽऽऽम राऽऽऽम पावन्यायले!"

भोंग्यातून आधी कोणीतरी पत्रा फाडल्यासारखं झालं, आणि मग अशी काही शिट्टी निघाली की बास रे बास. वऱ्हाडाचे बैल बिथरले. एक गाडी वरमाईसकट परत नाल्याकडं निघाली. नवरदेवाच्या आज्याचं पागोटं उडून पाण्याच्या टाक्यात पडलं. पोरं रडली, कोंबड्या छपरावर गेल्या. हिरासिंगनं झडप घालून बटन पिरगाळलं, तेव्हा कुठं शांतता झाली. त्या शांततेत वऱ्हाडातलं कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरा हसला. मग सगळं वऱ्हाड पोट धरधरून हसायला लागलं. आधी भोंग्याला हसले, आणि मग, हे वाईट झालं, नायकाला हसले.

लालसिंग नायकाला उभ्या जन्मात कोणी हसलं नव्हतं. तो चेहऱ्यानं तांबडालाल झाला. माईक खाली ठेवून तो खेमसिंगपाशी गेला आणि त्याच्या मानानं हळू, म्हणजे साऱ्या तांड्याला ऐकू येईल असा बोलला, "पाह्यलं ना इवाई? झाली ना हसाई? आता पावन्यायसमोर भोंगा उतरवून अजून शोभा नको. मानी बैलावर चढून निरोपाची हवेली म्हनेस्तोवर राहू द्या वर. वरात निघाली का भोंगा खाली. अन् मिरगाले पोट्टा मले तिफनीवर दिसला पाह्यजे."

खेमसिंगनं पोराकडं पाहिलं. हिरासिंगनं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून तो मशीनमागं बसून उगाच तार गुंडाळू लागला. हातातून सगळं गेलं होतं हो. पुन्हा झाडाखाली उभं राहून दुसऱ्याचा भोंगा ऐकायचा, एवढंच राहिलं होतं.

"पानी घ्या."

समोर तांब्या. तांब्या धरलेल्या हातात कोपरापर्यंत बांगड्या. वर घुंगट. घुंगटातून आवाज आला, "भोंगा बसला म्हून मानसानंही बसाचं का?"

गंगी होती. हिरासिंगनं इकडेतिकडे पाहिलं. बायका लग्नाच्या गडबडीत होत्या, फक्त धावजी जवळ होता, आणि तो मुद्दाम नगाऱ्याचं कातडं निरखत होता.

"भोंग्याले काही नाही झालं," हिरासिंग पुटपुटला. "तुह्या बाचा आवाज त्याले झेपत नाही. थोडे मागं उभे राह्यले असते तं सोन्यावानी वाजला असता."

"मंग सांगाचं ना!"

"मी? मी सांगू तुह्या बाले?"

"हाव, तेही खरं." गंगीनं माईकपुढच्या गादीकडं पाहिलं. मग घुंगटाच्या आत हसल्यासारखी वाटली. "बाले कोनी हालवू शकत नाही. मायचंही काही चालत नाही. पन बा जाग्यावर नाही बसत, बा गादीवर बसते. गादी कुठं पाह्यजे, ते सांगा."

आता ती गादी काय होती, ते ऐका. नायकाच्या आजीनं शिवलेली, कवड्या आणि काचा लावलेली, रंग उडालेली पण वजनदार. ती जिथं टाकली जाई ती मानाची जागा. पंचायत बसो, लग्न बसो, नायक आधी गादी शोधायचा आणि मग बसायचा. कारभारी गादीच्या उजव्या हाताला, बाकीचे मानकरी त्याच्या मागं. गादी ओसरीत असो की गोठ्यात, मान गादीला. नायक स्वतः कधी म्हणाला नव्हता की आज इथं टाका. ते काम घरातल्या बायकांचं.

हिरासिंगनं चौफेर पाहिलं. माईकपासून बरंच मागं एक मोठा लिंब होता, आणि भोंग्याचं तोंड त्याच बाजूला होतं. "त्या लिंबाखाली," तो म्हणाला. "पन त्यायनं विचारलं तं?"

"बा कधी कोनाले इचारते काय? बा फक्त सांगते," गंगी म्हणाली आणि तांब्या घेऊन गेली.

नायक पाहुण्यांना गूळपाणी देण्यात गुंतला होता. तेवढ्यात गंगीनं गादी उचलली, झटकली, लिंबाच्या सावलीत अंथरली, वर लोड ठेवला, शेजारी हुक्का मांडला. नायक परत आला. माईकपुढची जागा रिकामी पाहून थबकला. त्यानं नजर फिरवली, लिंबाखाली गादी दिसली, आणि जसं काही आयुष्यभर लिंबाखालीच बसत आला होता असा तरातरा जाऊन तिथं टेकला. कारभारी उठून त्याच्या उजव्या हाताला. बाकीचे मानकरी मागोमाग. बघता बघता सगळी भारी आवाजाची मंडळी लिंबाखाली! समोरचं मागं झालं, मागचं समोर आलं, आणि कोणाला उठ म्हणावं लागलं नाही.

धावजी हे सगळं पाहत होता. म्हातारा बेरकी. त्यानं विचारलं, "अन् मले कुठं धाडतं रे?"

"तुमाले नायकाच्या मांडीले मांडी लावून बसवतो, काका. नगाऱ्याचा मान त्या जागीच."

धावजीच्या बापाला आणि आज्यालाही नायकाच्या गादीजवळ कधी बसायला मिळालं नव्हतं. त्यानं टिपरू काखेत मारलं आणि नगारा उचलून निघाला. जाता जाता म्हणाला, "तुह्या भोंग्यात राम नाही, पन तुह्या डोक्यात हाय."

मग हिरासिंगनं बायकांना पुढं घेतलं. आजवर प्रत्येक लग्नात त्या मागं, चुलीकडं तोंड करून गात आल्या होत्या. लाजत, एकमेकींना ढकलत त्या माईकभोवती बसल्या. थाळी वाजवणारीला त्यानं जरा आड बसवलं, बारीक आवाजाच्या म्हातारीला सगळ्यांच्या पुढं. बटन हळूहळू फिरवलं. आणि भोंग्यातून गाणं निघालं, नितळ, एकेक शब्द वेचून घ्यावा असं. लांबून नगाऱ्याचा ठेका बरोबर त्याच्या पाठीवर येऊन बसत होता. वऱ्हाडातल्यांनी हसणं थांबवलं. नवरदेवाचा आजा ओलं पागोटं मांडीवर घेऊन डोलायला लागला.

लिंबाखाली नायकानं हुक्क्याची नळी तोंडातून काढली. कारभाऱ्याला विचारलं, "हे गानं नवं काढलं का बायकायनं?"

"नाही जी. जुनंच हाय. तुमच्या लग्नातही हेच म्हनलं होतं."

"मंग मले कसं आयकू नाही आलं?"

कारभाऱ्यानं खाली पाहून गवताची काडी मोडली. काय सांगणार बिचारा! नायकानं पुन्हा नळी तोंडात धरली, पण ओढली नाही.

उन्हं कलली तशी निघायची वेळ झाली. तांड्यातली नवरी सासरी निघते तेव्हा सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते, दोन्ही हात वर करते आणि आपल्या माणसांची नावं घेऊन निरोपाचं गाणं म्हणते. हीच हवेली. शब्द कोणी लिहून दिलेले नसतात. पोरीच्या पोटात जे असेल ते ओठांवर येतं. पण एवढ्या रडारडीत ते ऐकू कोणाला येतं? नवरी रडते, बायका रडतात, आणि नायक आतापर्यंत प्रत्येक पोरीच्या हवेलीला "रडू नोका वो!" असं ओरडत आला होता.

बैल मघाचाच, भोंग्यानं बिथरलेला. हिरासिंगनं आवाज पार खाली नेला आणि नजर लावली ती बैलाच्या कानांवर. मानीच्या हातात माईक देता येईना, तिचे हात वर. तेव्हा गंगी पुढं झाली, माईक घेतला आणि बहिणीच्या अंगाशी उभी राहिली. हिरासिंगनं तिला खुणेनं जरा खाली, जरा बाजूला केलं. मानी बोलायला लागली तसं तो बटन तिळातिळानं फिरवत गेला. बैलाचा कान हलला की थांबायचा, कान स्थिर झाला की पुन्हा थोडं. बैल उगामुगा उभा राहिला.

मानीनं आधी काकूचं नाव घेतलं, मग बहिणींचं, मग पाण्याच्या नाल्याचं. मग लिंबाकडं तोंड करून ती गायली. गोरबोलीतलं ते गाणं, त्याचा अर्थ असा:

"काका, तुझी हाक आली की गाई घरी आल्या,
वासरं आली, खेळ टाकून मीही घरी आले.
बाप मला आठवत नाही, हाक आठवते.
आता खिंडीच्या पल्याड जाते रे काका,
संध्याकाळी मला घरी कोण बोलावेल?
तिथवर तुझी हाक येईल का?"

लिंबाखाली कोणी हललं नाही. लालसिंग नायकाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. आपल्या आवाजाला पोरी भितात, असं तो जन्मभर समजत आला होता. आणि ही पोर काय म्हणून राह्यली होती! त्याला ओरडायचं होतं, पण आवाजच फुटेना. उभा तांडा साक्षीला होता, नायकाचा आवाज फुटला नाही.

बैल निघाला. गाड्या निघाल्या. धुळीमागं घुंगरमाळा खिंडीच्या वाटेला लागल्या. आता भोंगा खाली. बोलल्याप्रमाणं हिरासिंग उठला, झाडाच्या बुंध्याशी गेला आणि दोरीची गाठ सोडायला लागला. दोन बोटांचं काम, पण गाठ सुटेना, डोळ्यांसमोर धुकं.

मागं पावलं वाजली. नायक गादीवरून उठून आला होता. आला आता हा मानूस भोंगा हातानं उपटायला, असं वाटून खेमसिंग मधे पडायला धावला. पण नायक माईकपाशी येऊन थांबला. गंगी अजून तो हातात धरून उभी होती. नायकानं होणाऱ्या जावयाकडं पाहिलं, आणि बोलला. इतकं हळू बोलला, की शेजारी उभ्या खेमसिंगला कान पुढं करावा लागला.

"पोरा, मी कुठं उभा राहू?"

हिरासिंगच्या हातातली दोरी तशीच राहिली. आता रीत काय नि फीत काय! सासऱ्यानंच विचारलं होतं. तो म्हणाला, "मागं सरा जी."

तांड्यातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. नायकाला मागं सर? नायक एक पाऊल मागं सरला.

"अजून."

नायक अजून सरला.

"अजून थोडे. हां. तठीच. हालू नोका आता." असं म्हणून हिरासिंग सरसर झाडावर चढला, भोंग्याचं तोंड खिंडीकडं वळवलं, उडी मारून खाली आला आणि मशीनवर हात ठेवला. "मारा हाक!"

"मानीऽऽऽऽ!"

ना पत्रा फाटला, ना शिट्टी झाली. दाव्याच्या बैलांनी नुसते कान हलवले. पण ती हाक जशीच्या तशी, मायेसकट, वावरांवरून, नाल्यावरून, पळसांच्या डोक्यावरून खिंडीकडं निघून गेली. खिंडीत घुंगरमाळा थांबल्या. सगळा तांडा खिंडीकडं वळून उभा. नायकानं मान तिरपी करून कान दिला. उभ्या जन्मात त्यानं कोणाच्या आवाजासाठी कान दिला नव्हता, म्हणून असेल, पण पहिल्यांदा ऐकू आलं ते त्यालाच. बारीक, लांबून, पण स्पष्ट.

"ओऽऽऽ काकाऽऽऽ!"

नायक मटकन खाली बसला, गादी नव्हती तिथं, मातीत. रडला आणि हसला, दोन्ही एकदम. मग पागोट्याच्या शेवानं तोंड पुसून त्यानं खेमसिंगकडं पाहिलं.

"इवाई," तो म्हणाला, आणि त्याचा मूळचा आवाज परत आला होता बरं का, "मिरगाले तिफन धराले दुसरा गडी पाहा. हा पोट्टा आता तुमच्या कामाचा नाही राह्यला. अन् हे पाय रे, गंगीच्या लग्नात माही गादी कुठं टाकाची, ते तूच सांगशीन."

हिरासिंगनं काही उत्तर द्यायच्या आधीच भोंग्यातून एक हसू निघालं. मोकळं, खळखळतं, लिंबावरून, छपरांवरून, नाल्यापल्याडच्या वावरातल्या गड्याच्या कानापर्यंत गेलं. गंगीच्या हातात माईक अजून चालूच होता, आणि तिला त्याचं भानच नव्हतं. धावजी नगाऱ्यामागून ओरडला, "अरे, बंद कर ना बे बटन!"

हिरासिंगचा हात बटनावरच होता. त्यानं ते जरा वाढवलं.